हृदय थांबवणाऱ्या द्रवाचं उपकरण बनवायचंय? टोकाकडून सुरुवात करा

परफ्युजनिस्ट म्हणून, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा म्हणून, एकवीस वर्षं मी त्या मशीनमागच्या स्टुलावर काढली. आता उपकरणं बनवणाऱ्यांच्यात बसतो. नवे इंजिनिअर भेटायला येतात तेव्हा बहुतेकांच्या लॅपटॉपवर एक देखणी पेटी असते. मोठा स्क्रीन, रंगीत आलेख, सगळं काही. मी एवढंच विचारतो, "नळीच्या हृदयाकडच्या टोकाशी दाब किती?" तिथे गप्पा अडतात.

काम काय आहे ते आधी पाहू. सर्जन महाधमनीला क्लॅम्प लावतो आणि हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा बंद होतो. मग पोटॅशियम असलेलं, बहुधा थंड द्रव हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत सोडून हृदय शिथिल अवस्थेत थांबवतात, म्हणजे त्याची ऑक्सिजनची भूक कमी होते. हे कार्डिओप्लेजिया. ते दोन वाटांनी देतात. महाधमनीच्या मुळातून दिलं तर अँटिग्रेड, कोरोनरी सायनस या शिरेतून उलट दिशेने दिलं तर रेट्रोग्रेड. मोठ्या माणसात अँटिग्रेडला मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिली प्रवाह आणि महाधमनीच्या मुळाशी ६० ते ८० मिमी पारा दाब धरतात. कोरोनरी सायनस मात्र शीर आहे, तिथे ४० च्या वर गेलात की फाटण्याची भीती. एकच पेटी या दोन्ही वाटा सांभाळते, म्हणून गोंधळाला जागा होते.

पहिली पायरी वही आणि स्टॉपवॉच. रीतसर परवानगी घेऊन ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभे राहा आणि दहा केसेस नुसत्या पाहा. सर्जनने "द्या" म्हटल्यापासून टोकाशी प्रवाह पोचेपर्यंत किती सेकंद गेले, मध्ये कुणी काय ओरडलं, कुणाचा हात कशावरून सरकला, सगळं लिहा. त्यानंतर गरज एका वाक्यात मांडा आणि त्या वाक्यात उपाय येऊ देऊ नका. "स्मार्ट पंप हवा" ही गरज नव्हे. "रेट्रोग्रेड देताना कॅथेटर (आत घातलेली बारीक नळी) सायनसमधून निसटलं तर ते लगेच कळत नाही", ही गरज.

आता टोकाकडे. पेटीवरचा दाब आणि हृदयातला दाब एक नसतो. मधल्या नळीत, जोडांत आणि सगळ्यात जास्त टोकाच्या बारीक कॅन्युलात, म्हणजे शरीरात शिरणाऱ्या नळीत, दाब खर्च होतो. सुरळीत वाहणाऱ्या द्रवाचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे आतला व्यास निम्मा केला की विरोध सोळापट. आमच्या पहिल्या जोडणीत २५० मिलीला पेटी १४० दाखवायची आणि टोकाशी ७० च्या आसपास असायचं. म्हणून आधी टेबलावर मोजा. पाण्यात वजनाने चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर ग्लिसरीन मिसळलं की खोलीच्या तापमानाला रक्ताच्या जवळपासचा दाटपणा मिळतो. १००, २०० आणि ३०० मिलीला पेटीपाशी आणि टोकाशी एकाच वेळी वाचन घ्या. प्रवाह मोजपात्राने तपासा, पंपाच्या आकड्यावर विसंबू नका. हाच प्रयोग ग्लिसरीनचं मिश्रण ८ अंशांपर्यंत गार करून पुन्हा करा. गार द्रव दाट होतं आणि आकडे हलतात.

दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरची उंचीही विसरू नका. तो हृदयाच्या पातळीखाली १० सेंटिमीटर लटकला तर वाचन सात मिमी पाऱ्याने वाढतं. अँटिग्रेडला ते खपून जातं. रेट्रोग्रेडमध्ये ३३ चे ४० दिसतात आणि तुम्ही विनाकारण प्रवाह कमी करता.

बऱ्याचदा हे द्रव रक्तात मिसळून देतात. रक्त आणि द्रव यांचं प्रमाण राखायची एक जुनी युक्ती मला फार आवडते. एकाच रोलर पंपात (फिरते रूळ नळी दाबत द्रव पुढे ढकलतात) दोन नळ्या बसवायच्या, एक पाव इंची, दुसरी १/८ इंची. छेदाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून चार भाग रक्ताला एक भाग द्रव आपोआप. सॉफ्टवेअर नाही, बिघडायला फारसं काही नाही. डेल निडो नावाच्या कार्डिओप्लेजियाच्या पद्धतीत प्रमाण नेमकं उलटं असतं, एक भाग रक्ताला चार भाग द्रव. त्यामुळे नळ्यांची अदलाबदल झाली तर काय होईल हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीत लिहा. आणखी एक हिशोब करा. पाव इंची नळीत दर मीटरला सुमारे ३२ मिली द्रव मावतं. दोन मीटर नळी आणि मिनिटाला २०० मिली प्रवाह असेल, तर तुम्ही प्रमाण बदललेलं टोकाला कळायला एकोणीस सेकंद लागतात. शिवाय दोन डोसांच्या मधे नळीत उभं राहिलेलं द्रव कोमट होतं, आणि पुढच्या डोसात तेच आधी हृदयात जातं.

रोलर पंप हट्टी असतो. पुढे वाट बंद असली तरी तो ढकलत राहतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते टेबलावर. मी टोकाला क्लॅम्प विसरलो, दाबाची मर्यादा लावलेली नव्हती, आणि एक जोड सुटून लाल रंगाचं पाणी थेट छतावर गेलं. तो डाग बरीच वर्षं होता. तेव्हापासून नियम असा की दाब मर्यादेपलीकडे गेला तर पंप स्वतः थांबला पाहिजे. नुसता भोंगा पुरे नाही, थिएटरमध्ये भोंगे आधीच पुष्कळ.

हवेचं काय? बुडबुडे अडवणारा बबल ट्रॅप सगळ्यात उंच जागी पाहिजे, आणि अल्ट्रासाउंडवर चालणारा डिटेक्टर त्याच्या पुढे, हृदयाच्या बाजूला. पेशंट उताणा असतो आणि उजव्या कोरोनरीचं तोंड पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे वर चढणारे बुडबुडे बहुधा तिकडेच जातात आणि हृदयाचा उजवा कप्पा आळसावतो. डिटेक्टर तपासताना सिरिंजने मोजून हवा सोडा. मोठा बुडबुडा कुणीही पकडतो, खरी परीक्षा बारीक बुडबुड्यांच्या माळेची.

हातांबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण आमचं खरं हसं तिथे झालं. वाट बदलायला आम्ही तीन तोंडांचा स्टॉपकॉक घेतला. काही स्टॉपकॉकमध्ये दांडी बंद बाजू दाखवते, काहींत उघडी. आम्ही निवडलेला त्या टीमच्या सवयीच्या उलट निघाला. सुदैवाने समोर पेशंट नव्हता, सिलिकॉनचं हृदय होतं. सिस्टरने न बघता दांडी फिरवली आणि अँटिग्रेडचा प्रवाह रेट्रोग्रेडला गेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मी तर बरोबरच फिरवली." खरंच बरोबर फिरवली होती. तेव्हापासून प्रत्येक भाग दोन जोड हातमोजे घालून, ते सलाइनने ओले करून आणि डोळे मिटून हाताळायचा. पांढऱ्यावर पांढरी दांडी नको. दोन वाटांचे जोड एकमेकांत बसताच कामा नयेत.

कागदपत्रं शेवटी करू म्हणणारे अडकतात. जोखमीचा हिशोब आयएसओ १४९७१ प्रमाणे पहिल्या रेखाटनापासून ठेवा. शरीराशी सुसंगतीसाठी आयएसओ १०९९३, विजेच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१, वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६. नळी निर्जंतुक इथिलीन ऑक्साइडने होणार असेल तर वायू आत शिरायला आणि बाहेर पडायला वाट हवी, म्हणजे टोकांची झाकणं हवाबंद चालणार नाहीत. आम्ही साचे बनवून झाल्यावर हे शिकलो. माणसावरच्या चाचणीला एथिक्स कमिटी आणि नियामकाची मंजुरी लागतेच, त्यात पळवाट शोधू नका.

पेटंटचा अर्ज परिषदेत पोस्टर लावायच्या आधी करा. बऱ्याच देशांत आधी जाहीर केलेली कल्पना नवी धरली जात नाही. जुनी पेटंटं वाचताना फसलेल्या गोष्टीही वाचा. १९५५ मध्ये ब्रिटनच्या डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवलं, पण त्या तीव्रतेला स्नायू जखमी होतात असं दिसलं आणि पद्धत मागे पडली. कमी तीव्रतेचं पोटॅशियम रूढ झालं ते १९७० च्या दशकात. कल्पना तीच होती, मात्रा चुकली होती.

शेवटची चाचणी करताना सीलबंद पाकीट टीमच्या हातात द्या, स्वतःचे हात पाठीमागे बांधा आणि तोंड बंद ठेवा. पहिला स्पर्श कशाला होतो ते लिहा. आमच्या वेळी पहिला हात कात्रीकडे गेला, कारण पाकीट ओल्या हातमोज्यांनी फाटेना. ती सील आम्ही तीनदा बदलली.