भयपटात मरायचं कसं, आणि पुढच्या भयपटात पुन्हा काम मिळवायचं कसं

कमी बजेटच्या भयपटात चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला येणारी माणसं ठरलेली असतात: ‘तिकडे जाऊ नका’ म्हणणारा म्हातारा, पंपावरचा तिरसट माणूस, कुणीच न ऐकलेला डॉक्टर. काम दोन-तीन दिवसांचं आणि रिटेकला वेळ नाही. पुन्हा बोलावणं येतं ते ज्याच्यामुळे शूटिंग अडत नाही त्यालाच.

पटकथा हातात आली की आधी आपण मरतो ते पान शोधा. शूटिंग क्रमाने होत नाही. सकाळी मेलेला माणूस दुपारी दार उघडायला उभा असतो. म्हणून तक्ता करा: सीन नंबर, भीती (१ ते १०), दम किती लागलाय, जखम कुठे. डावी भुवई की उजवी, हेही लिहा. चाहूल लागतानाच भीती ८ वर नेली, तर प्रत्यक्ष भूत दिसल्यावर चढायला जागा राहत नाही. नवखे इथेच फसतात.

रक्ताचं साधं मिश्रण: १ वाटी कॉर्न सिरप, २ चमचे पाणी, खायचा लाल रंग, अर्धा चमचा कोको, निळ्या रंगाचा एक थेंब. कोको विसरलात तर सरबत सांडल्यासारखं दिसतं. दिव्यांखाली ते हळूहळू सुकत जातं, म्हणून दर टेकनंतर फोटो काढून ठेवा. सेटवर पहिला प्रश्न विचारा: शर्ट किती आहेत? एकच असेल तर स्वच्छ शर्टाचे सगळे शॉट आधी उरकायला सांगा आणि तालीम कोरडीच करा. त्वचेवर आधी व्हॅसलीनचा पातळ थर द्या, पण नकली जखम चिकटवायची तिथे नाही. गोंद धरत नाही. लेटेक्स (नकली जखमेसाठीचं पातळ रबर) आणि गोंद दोन्ही एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. काढताना ओढू नका, गोंद सोडवणाऱ्या रिमूव्हरने भिजवा.

किंकाळी जपून वापरा. लांबच्या शॉटमध्ये अर्ध्या आवाजात, पण मान आणि पोट पूर्ण ताणून. खरी किंकाळी दोनदाच, शक्य तर नुसत्या आवाजाची वेगळी रेकॉर्ड करून घ्या. हे काम दिवसाच्या शेवटी मागा, नाहीतर उरलेले संवाद घोगऱ्या आवाजात जातात.

प्रेत होणं त्याहून अवघड. ‘अ‍ॅक्शन’पर्यंत डोळे मिटलेले ठेवा, मग उघडून नजर दूर सोडा, समोरचं धूसर होऊ द्या. जवळ आलेल्या माणसाकडे बुबुळ आपोआप वळतं, तिथेच प्रेत जिवंत होतं. शॉट १०-१५ सेकंदांचा असेल तर अर्धा श्वास सोडून थांबा. लांबला तर पोटाने श्वास घ्या आणि पोटावर कोट येईल असे पडा. मान मुरगळून पडू नका. नायिका तुमच्यावर तासभर रडणार आहे.

करारात मेकअपचे तास कामात धरून घ्या. शोरीलसाठी (आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडलेला व्हिडिओ) तुमच्या सीनची क्लिप मिळेल हेही लिहून घ्या, कारण असे चित्रपट कधीकधी डब्यातच राहतात. शोरील दीड मिनिटाची, सुरुवात संवादाने. किंकाळ्या सगळ्यांच्याच असतात. मधूनमधून शहाण्या माणसाची भूमिकाही घ्या. हॉलिवूडचा अभिनेता ड्वाइट फ्राय याने १९३१ साली ‘ड्रॅक्युला’त वेडा रेनफिल्ड आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये कुबडा फ्रिट्झ केला, आणि पुढे त्याच्याकडे बहुतेक तसलीच कामं येत राहिली.