खेळाडूचा कोच होताना: टेनिसमधली दुसरी कारकीर्द

हजारो तासांच्या सरावाने फटका अंगात मुरतो, पण तो नेमका कसा बसतो हे सांगता येत नाही. व्यावसायिक टेनिस सोडून कोच होणाऱ्याची पहिली अडचण हीच. म्हणून लगेच अकादमी काढू नका. आधी अनुभवी कोचच्या हाताखाली काम करा, सोबत प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पूर्ण करा. रँकिंग कितीही मोठं असलं, तरी अभ्यासक्रमातला लहान मुलांना शिकवण्याचा भाग टाळू नका.

मुलांना सुरुवातीलाच नेहमीचा पिवळा चेंडू दिला की तो त्यांच्या डोक्यावरून उसळतो. तो गाठायला मूल ग्रिप, म्हणजे रॅकेटवरची पकड, फिरवतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. म्हणून मुलांसाठी संथ चेंडू असतात: लाल चेंडू पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० आणि हिरवा २५. कोर्टही तसंच वाढतं: लाल चेंडूला ११ मीटर, नारिंगीला १८, मग पूर्ण २३.७७.

खरं कसब फीडिंगमध्ये, म्हणजे सरावासाठी चेंडू देण्यात, आहे. आधी जवळून हाताने चेंडू द्या, मग नेटपलीकडून रॅकेटने. एका फेरीत सहा ते आठ चेंडू पुरेत. पाय थकले की चुकीचाच फटका घोटला जातो. विद्यार्थी जागेवर परतून स्प्लिट स्टेप (पुढच्या फटक्यासाठी सज्ज होणारी दोन्ही पायांवरची छोटी उडी) घेईपर्यंत पुढचा चेंडू सोडू नका. माजी खेळाडू हमखास इथेच घाई करतात. फटका उशिरा बसत असेल तर ‘जोरात मार’ म्हणू नका. बहुतेकदा खांदे उशिरा वळलेले असतात. ‘चेंडू नेट ओलांडायच्या आत खांदे वळव’, एवढंच सांगा. आणि हे बाजूला उभं राहून पाहा. चेंडू पुढच्या पायापुढे भेटतोय की कमरेपाशी, ते समोरून कळत नाही.

एकेकाळचा अव्वल खेळाडू इव्हान लेंडल १९८६ आणि १९८७ मध्ये विम्बल्डनची अंतिम लढत हरला, ती स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. कोच म्हणून तो सोबत असताना ब्रिटनच्या अँडी मरेने ती २०१३ आणि २०१६ मध्ये जिंकली. तुमच्या पराभवांतली माहितीही शिष्याच्या कामाची असते.

सामन्यात वहीत तीनच नोंदी ठेवा: पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली, दुसऱ्या सर्व्हिसवर किती गुण मिळाले, चार फटक्यांच्या आत किती गुण संपले. स्पर्धेत कोचिंगला मुभा असली तरी दोन गुणांमध्ये २५ सेकंदच असतात. ‘बॅकहँडला उंच खेळ’ यापेक्षा लांब सूचना डोक्यात राहत नाही.

खेळाडूसोबत दौरे करणार असाल तर मानधन, बक्षिसातला वाटा, प्रवासखर्च आणि खेळाडूच्या दुखापतीच्या काळातला पगार पहिल्या स्पर्धेआधीच लेखी ठरवा. वाद बहुधा शेवटच्या मुद्द्यावरच होतात.