रविवारच्या सेशनची तासाभरात तयारी

दर रविवारी मी पोरांना डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवतो, म्हणजे टेबलाभोवती बसून मी गोष्ट सांगायची आणि त्यातली पात्रं काय करतात ते पोरांनी ठरवायचं. आधी मी शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत जागून बारा पानं लिहायचो आणि रविवारी पोरांची पात्रं पहिल्या दहा मिनिटातच गोष्टीतल्या भलत्या गावाला निघायची. आता तासभरच बसतो आणि सेशन जास्त रंगतं.

तर पहिलं म्हणजे गुरुवारीच ग्रुपवर विचारायचं, बाबांनो गोष्टीत पुढं कुठं जाणार आहात? उत्तर आलं की निम्मं काम झालं, कारण जिकडं ते जाणारच नाहीत तिकडचं काहीच करायचं नाही.

मग जागा. नकाशा काढत बसू नका, स्वतः बघितलेली जागा उचला. मागच्या वेळी मी आपली साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर घेतली, अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल, आत उतरायला जिना, मधेच कमानीवर छोटा महाल आणि वर काठाला मोटांच्या जागा. डंजनला, म्हणजे खेळातल्या धोक्यांनी भरलेल्या भुयाराला, अजून काय लागतं? वरून बाण मारायला ठिकाणं, पळायला एकच जिना, खाली काळं पाणी. 1719 ते 1724 मधलं बांधकाम, शिलालेख पण आहे, म्हणजे क्लू आयताच मिळाला. आणि मी तिथं उतरलोय ना, त्यामुळं पायरीचा गारवा, कबुतरांची फडफड हे सगळं न लिहिता तोंडातून येतं.

मॉन्स्टर नवीन बनवायचे नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पुस्तकातला ओग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस घ्या, आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड) 11, हिट पॉइंट (तो किती मार सोसतो) 59, आणि त्याला पाणराक्षस म्हणा, टेबलावर कुणाला कळत नाही. त्याचे चेले म्हणजे गॉब्लिन, छोटे दुष्ट प्राणी, त्यांचे हेच दोन आकडे 15 आणि 7. एवढे आकडे एका कार्डावर बसतात.

दहा नावं लिहून ठेवा, कारण चहावाल्याचं नाव कुणीतरी विचारणारच. नाव वापरलं की पुढं एक शब्द टाका, चिडका, बहिरा, काहीही.

व्हिलनची मात्र एक ओळ नीट विचार करून लिहा, पार्टी, म्हणजे पोरांच्या पात्रांची टोळी, आलीच नाही तर हा तीन दिवसात काय करेल? माझा पाणराक्षस गावाचं पाणी तोडणार होता. ही ओळ असली की पोरं कुठंही गेली तरी मी अडकत नाही.

आणि सेशन संपल्यावर, पोरं चपला घालत असतानाच, वहीत तीन ओळी टाकायच्या: कोण कुठं थांबलं, कुणाकडं काय आहे, पुढं कुठं जायचं ठरलं.