ॲमेझॉन पोपटाचा मूड कसा ओळखावा आणि कसा सांभाळावा

ॲमेझॉन पोपट चावला की घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं: "काही कारण नव्हतं हो, मगाशी तर मस्त गात होता!" कारण याच वाक्यात आहे. तो गात होता म्हणूनच चावला. या पोपटांचा आनंद चढत जातो, आणखी चढतो आणि एका टप्प्यावर त्यांचं त्यांनाच आवरेनासं होतं. पोरं दंगा करता करता शेवटी कुणाला तरी फटका मारतात, तसंच हे. त्या क्षणी चोचीसमोर लाकडाचा तुकडा असेल तर लाकडाचा भुगा होतो, आपलं बोट असेल तर बोटाचं काय होतं ते पाळणाऱ्यांना सांगायला नको.

ॲमेझोना या गटात तीसेक जाती आहेत. मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटांपर्यंत आणि पुढे दक्षिण अमेरिकेत त्यांचा मुलूख. घरांमध्ये जास्त दिसतात ते निळ्या कपाळाचे, पिवळ्या मानेचे, पिवळ्या डोक्याचे आणि नारिंगी पंखांचे. यांतल्या पहिल्या तीन जातींचे नर विशेष तापट म्हणून ओळखले जातात. पण कोणताही ॲमेझॉन घ्या, त्याच्या पोटात एक आणि ओठावर दुसरं असं नसतं. मनात काय चाललंय ते तो अंगभर लिहून दाखवतो. आपल्याला वाचता येत नाही, एवढीच अडचण. नीट सांभाळला तर हा पक्षी ४०–५० वर्षं सोबत राहतो, तेव्हा ही लिपी शिकून घेतलेली बरी.

पायरी १: पहिले दोन आठवडे फक्त वही

पोपट नवा असो वा जुना, सुरुवात निरीक्षणाने करा. तो कधी गातो, कधी ओरडतो, कधी अंगावर येतो, त्याआधी घरात काय घडलं होतं, हे दोन-दोन ओळींत लिहा. "आज चिडला होता" अशी नोंद निरुपयोगी आहे. "संध्याकाळी फोनवर बोलताना पिंजऱ्यावर फेऱ्या मारल्या, शेपूट पसरली, मी हात पुढे केला, चावला" ही नोंद कामाची. दोन आठवड्यांत बहुतेक घरांत तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा दिसू लागतात: ठरावीक वेळ, ठरावीक माणूस, पिंजऱ्यात घातलेला हात, मोठा आवाज. निम्मे चावे तर इथेच टळतात.

पायरी २: अंगावरची लिपी वाचा

सर्वांत आधी डोळे. पोपटाला डोळ्याची बाहुली स्वतःच्या मर्जीने लहान-मोठी करता येते, कारण पक्ष्यांच्या बुबुळातले स्नायू त्यांच्या ताब्यात असतात. ॲमेझॉनच्या केशरी बुबुळात मधला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो, पसरतो, पुन्हा आकसतो. याचा अर्थ 'राग' असा सरसकट लावू नका. याचा अर्थ आहे 'चढलाय'. आवडतं गाणं लागलं तरी असं होतं, आवडता पदार्थ दिसला तरी होतं आणि नावडता पाहुणा आला तरी होतं. भावना कोणती ते बाकीच्या अंगावरून ठरवायचं. बाकीचं अंग नाही समजलं तरी हात लांब ठेवायचा, हे मात्र तिन्ही वेळी सारखंच.

मग शेपूट. एरवी आखूड आणि चौकोनी दिसणारी ही शेपूट पंख्यासारखी उघडली, आतले लाल-पिवळे पट्टे दिसू लागले, मानेमागची पिसं उभी राहिली, पंख खांद्यापाशी किंचित सुटले आणि पठ्ठ्या छाती काढून दांडीवर ठुमकत चालू लागला, की समजावं पारा वर गेला. नवखे लोक नेमके याच वेळी "किती गोड नाचतोय!" म्हणत बोट पुढे करतात आणि मग त्यांचा पोपट होतो.

अंगाची सगळी पिसं घट्ट चापून, मान उंच करून, ताठ उभा राहिला तर तो घाबरलाय. वाकून, चोच उघडी ठेवून, डोकं खाली घेऊन रोखून बघत असेल तर तो 'मागे हो' असं स्वच्छ सांगतोय. उलट एक पाय पोटाशी घेतलेला, गालाची पिसं सैल होऊन चोचीवर आलेली, चोच हलकेच घासल्याचा कुरकुर आवाज येतोय, म्हणजे साहेब निवांत आहेत. पिसं एकदम झटकून शेपूट दोनदा हलवली तर एक विषय संपून दुसरा सुरू झाला असं समजा. शिकवायला ही उत्तम वेळ.

पायरी ३: चढलेला असताना काहीही करू नका

'काहीही नाही' हे शब्दशः घ्या. शिकवणं नाही, रागावणं नाही, समजूत घालणं नाही, पिंजऱ्यात परत ठेवण्याची घाई नाही. आवाज खाली आणा, हालचाली संथ करा, गाणं वाजत असेल तर बंद करा आणि दोन पावलं मागे या. दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. त्याला एकटं सोडून स्वयंपाकघरात निघून गेलात तरी चालेल, फक्त तो मोकळा असताना नको.

अंगाखांद्यावर असताना पारा चढला तर गोष्ट जरा अवघड. खांद्यावरचा पोपट आपल्याला दिसत नाही आणि त्याची चोच आपल्या डोळ्यापासून वितभर अंतरावर असते. माझं स्पष्ट मत: ज्याचं अंग तुम्हाला झोपेतही वाचता येतं, अशाच ॲमेझॉनला खांदा द्यावा, आणि त्यालाही वर्षातले बारा महिने नाही.

तरीही चावलाच तर? हात झटकू नका, किंचाळू नका. आपण किंचाळलो की त्याला वाटतं, वा, काय झकास आवाज काढला! पुढच्या वेळी तोच आवाज ऐकायला तो पुन्हा चावतो. हात स्थिर ठेवून जवळच्या दांडीवर किंवा जमिनीवर त्याला उतरवा, पाठ फिरवा, जखम साबण-पाण्याने धुवा. खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा. चोचीवर टपली मारणं, पिंजरा हलवणं, कापड टाकून अंधारात कोंडणं, यांनी पोपट सुधारत नाही. त्याला एवढंच कळतं की इशारा देऊन उपयोग नाही, आणि इशाऱ्याविना चावणारा पक्षी ही माणसानेच बनवलेली चीज असते.

पायरी ४: हाताऐवजी काठी

हातभर लांबीची, पोपटाच्या पायात नीट मावेल इतकी जाड लाकडी काठी घ्या. तो शांत असताना ती दुरून दाखवा. काठीकडे बघितलं की एक बी. जवळ आणल्यावर पळाला नाही की आणखी एक. पायांच्या जरा वर, पोटाला हलकी टेकवून 'वर ये' म्हणा. आला की लगेच बक्षीस, दोन क्षण वर ठेवून पुन्हा दांडीवर. रोज पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बास. काठीवर यायची सवय असलेला ॲमेझॉन मूड बिघडलेला असतानाही हलवता येतो, कुणाचं रक्त न सांडता. गोडीगुलाबी असतानाच ही सवय लावायची. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

पायरी ५: त्याला काहीतरी काम द्या

दुसरी छोटी काडी घ्या. तिच्या टोकाला चोच लावली की शिट्टी किंवा 'हं' असा एकच ठरलेला आवाज आणि लगेच खाऊ. दोन-चार दिवसांत तो काडीमागे चालू लागतो. मग त्याला पिंजऱ्याबाहेर बोलावणं, आत पाठवणं, वजनकाट्यावर उभं करणं हे सगळं बिनहाताने जमतं. सूर्यफुलाची बी एरवीच्या वाटीतून काढून टाका, म्हणजे तिची किंमत वाढते. प्रत्येक बैठक तो कंटाळण्याआधी थांबवा. डोळ्यांचा खेळ सुरू झाला की काडी खिशात.

उरलेल्या वेळी फोडायला मऊ लाकूड, फाडायला पुठ्ठा आणि शोधून खायला लपवलेला खाऊ द्या. रानात याचा दिवस अन्न शोधण्यात आणि लांब उडण्यात जातो. वाटीत आयतं भरलेलं खाऊन एका दांडीवर बसलेल्या ॲमेझॉनचा जोर कुठेतरी निघणारच, बहुधा घशातून.

पायरी ६: झोप, अंघोळ आणि आरडाओरडा

रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत जागणारा पोपट सकाळी किरकिरा असतो, त्याला स्वभाव म्हणून खपवू नका. अंघोळीचं या पक्ष्यांना वेड असतं. कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून पडला की पंख उघडून उलटे लटकतात, ओरडतात. नंतर तासभर पिसं सावरत गप्प. पिसं झडून नवी येत असतात तेव्हा कोंबांसारखी ही पिसं दुखतात, खाजतात. त्या दिवसांत फवारा वाढवा आणि लाड कमी करा.

ओरडण्याबद्दल: सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना ॲमेझॉन ओरडणारच. थव्यातली हाकाटी आहे ती, बंद होत नाही आणि बंद करूही नये. त्या दहा-वीस मिनिटांचा आवाज ज्या घराला सोसत नाही त्याने हा पक्षी आणू नये, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. दिवसभर चालणारं ओरडणं वेगळं. तिथे ओरडताना धावत जाऊ नका. शीळ घातली, बोलला की मात्र लगेच उत्तर द्या. दुसऱ्या खोलीतून नुसती शीळ परत दिली तरी त्याला पुरते.

पायरी ७: 'ते' दिवस

चार ते सहा वर्षांच्या आसपास वयात येतो आणि मग दरवर्षी काही आठवडे, बहुधा दिवस मोठे होऊ लागल्यावर, घरात कुणी अनोळखी पक्षी सोडून गेल्यासारखं वाटतं. परवापर्यंत मांडीवर लोळणारा आज पिंजऱ्याजवळ फिरकू देत नाही. खाल्लेलं उलटून भरवायला बघतो, कोपरे कुरतडतो, कपाटाखाली शिरतो. पालक इथे खचतात, 'आता हा आपला राहिला नाही' म्हणतात. तसं काही नसतं. ऋतू सरतो, पक्षी परत येतो.

तोवर घरटं सुचवणारं सगळं काढून टाका. रानात हे झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, त्यामुळे खोकं, कपाट, पलंगाखालचा अंधार, कापडी तंबू, सगळं त्यांना ढोलीच वाटतं. आरसा काढा. कुरवाळायचं असेल तर डोकं आणि मान एवढंच. पाठीवरून, पंखांखाली, शेपटीपाशी हात फिरवणं पक्ष्याच्या भाषेत लग्नाची मागणी असते. गरम-मऊ आणि तेलकट खाणं कमी करा, अंधाराचे तास वाढवा. खांदा या दिवसांत बंद, काठी चालू.

पायरी ८: एकाचाच होऊन बसला तर

मोठ्या थव्यातही ॲमेझॉनची जोडी शेजारी शेजारी उडताना ओळखू येते. घरातही तो एक माणूस निवडतो आणि बाकीच्यांना हाकलतो. गंमत म्हणजे तिसरा माणूस खोलीत आला की कधी कधी आवडत्यालाच चावतो. अशा वेळी सर्वांत चविष्ट खाऊ देण्याचं काम नावडत्या माणसाकडे द्या, सुरुवातीला लांबून, वाटीत टाकून. आवडत्याने त्या वेळी खोलीबाहेर राहावं. मनधरणी करायला मध्ये पडू नये. महिने लागतात. नावडता माणूस लाडका होईलच असं नाही, शेजार सोसण्याइतपत समेट होतो, आणि घर चालायला तेवढा पुरे.

पायरी ९: मूड की दुखणं, हे तपासा

पोपट आजार लपवतो. म्हणून अचानक शांत, 'शहाणा' झालेला ॲमेझॉन काळजीचा असतो. दिवसाही पिसं फुलवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, श्वासागणिक शेपूट वर-खाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, बोलणं थांबणं: यांतलं काही दिसलं तर पक्ष्यांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा. नुसत्या बियांवर वाढलेल्या ॲमेझॉनमध्ये 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, लठ्ठपणा आणि यकृतात चरबी साठणं नेहमीचं आहे, आणि असा पक्षी चिडचिडा किंवा सुस्त होतो. पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाणं), पालेभाज्या, गाजर, रताळं यांवर हळूहळू आणा, एकदम नाही. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी. न चिकटणारा लेप दिलेलं भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत दगावू शकतो.

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकाचा वजनकाटा आणून त्यावर दांडी बसवा आणि आठवड्यातून एकदा सकाळी, खाण्याआधी वजन घ्या. निळ्या कपाळाचा ॲमेझॉन साधारण ४०० ग्रॅमचा, पण तुमच्या पक्ष्याचा आकडा हाच खरा आधार. त्यात दहा टक्के घट दिसली तर ऋतूची वाट पाहू नका, फोन उचला. पहिल्या पायरीतली वही सोबत न्या, डॉक्टर विचारतील त्यातले बरेच प्रश्न तिच्यात लिहिलेले असतील.