ब्रेकिंग रेझिस्टर लावला, तरी तो गारच?

व्हीएफडीला, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला, ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा जाळणारा) लावायचा म्हणजे दोन वायरींचं काम, असं सगळे सांगतात. वायरी दोनच आहेत, पण डोकं खातं ते बाकीचं.

किमान ओहम मॅन्युअलमध्ये असतात. त्याखाली गेलात तर चॉपरचा, म्हणजे रेझिस्टर चालू-बंद करणाऱ्या सर्किटचा, आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) उडेल. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मला छळलं ते वेगळंच. रेझिस्टर बरोबर, टर्मिनल बरोबर, डिसेल टाइम (वेग उतरवायला दिलेला वेळ) कमी केलेला, तरी स्टॉप दिल्यावर ब्लोअर आपला निवांत फिरतोय. ट्रिप नाही, अलार्म नाही, रेझिस्टर गार.

कारण ओव्हरव्होल्टेज स्टॉल प्रिव्हेन्शन. ४१५ व्होल्ट सप्लायवर डीसी बस, म्हणजे ड्राइव्हच्या आतली डीसी लाइन, साधारण ५८७ व्होल्टला असते. वेग उतरवताना मोटर जनरेटर होते आणि बस चढते. ठरावीक व्होल्टेजला चॉपर चालू होऊन ती ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणार, हा आपला हिशोब. पण हे पॅरामीटर चालू असेल तर बस तिथवर पोचण्याआधीच ड्राइव्ह रॅम्प (वेग उतरण्याचा वेळ) लांबवतो आणि चॉपरची पाळीच येत नाही. काही ड्राइव्हमध्ये याला ओव्हरव्होल्टेज कंट्रोल म्हणतात. ते बंद करा, मग डिसेल चालू असताना कीपॅडवर बस व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही बघा. फ्रिक्वेन्सी अडखळत उतरत असेल, तर ते अजून चालूच आहे. स्टॉप मोड कोस्टवर (मोटर मोकळी सोडून आपोआप थांबू देणं) नाही ना, हेही बघून घ्या.

जुन्या पॅनेलची पॅरामीटर फाइल जशीच्या तशी टाकायला सांगणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. मॅन्युअल पुढ्यात आपटणारा खडूस परवडला.

ब्लोअर हळू थांबला म्हणून कुणी मरत नाही, घाबरू नका. रेझिस्टर तापला की उघडणाऱ्या थर्मल स्विचचं मात्र तसं नाही. त्याचा कॉन्टॅक्ट फक्त ड्राइव्हच्या इनपुटला देऊन मोकळे होऊ नका. चॉपर शॉर्ट झाला तर स्टॉप देऊन काही उपयोग नाही, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) डीसी बसला सप्लाय देतच राहतो. १०० ओहमवर ५८७ व्होल्ट म्हणजे सलग ३४०० वॅटच्या वर, आणि रेझिस्टरवर छापलेले असतात ५००. लाल होईल, आग लागेल. थर्मल स्विचचा कॉन्टॅक्ट, ड्राइव्हचा सप्लाय तोडणाऱ्या इनपुट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्येच घ्या. रेझिस्टर चुकून थेट डीसी बसच्या प्लस-मायनसमध्ये जोडलात तरी हीच गत.

आणि सप्लाय काढल्यावर लगेच हात घालू नका. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग डीसी बसचं व्होल्टेज मीटरने मोजा. ड्राइव्हवरचा दिवा विझला म्हणून भागत नाही.