तरवड लावताय? मग पाणी जरा हात आखडून घाला

पाणी पुरत नाही म्हणून बागच नको असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरवड लावून बघाच. माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळंधमक फुललेलं दिसतं ना तेच झुडूप, सेन्ना ऑरिक्युलाटा, एकदम अस्सल देशी. दीड मीटरच्या आसपास वाढतो, पाऊस सरताना तर नुसता लगडतो आणि एरवीही थोडी थोडी फुलं चालूच असतात.

बियांपासूनच करा. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, तपकिरी होऊन वाळली की काढायची. आता खरी मेख इथे आहे, बीचं साल इतकं टणक असतं की नुसतं मातीत टाकलं तर पाणी आत शिरतच नाही, चार उगवतात आणि बाकीच्या तशाच पडून राहतात. म्हणून एकतर प्रत्येक बी एका बाजूने पॉलिश पेपरवर हलकेच घासा, आतला फिका रंग दिसला की बास. नाहीतर पाणी उकळून गॅस बंद करा, जरा थांबा, मग त्यात बिया टाकून रात्रभर ठेवा. शिजवायच्या नाहीयेत हां! सकाळी ज्या फुगल्या त्या लावा, न फुगलेल्यांना परत तोच डोस.

लांबुडकी पिशवी घ्या कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि नंतर हलवलेलं त्याला अजिबात चालत नाही. सेंटीमीटरभर खोल पेरा, रोप वीतभर झालं की पहिल्या पावसात जमिनीत, मातीचा गड्डा न फोडता. जागा कडक उन्हाची. मुरमाड जमीन असेल तर बेस्ट, काळी चिकण माती असेल तर मुरूम मिसळून उंचवटा करा, मुळाशी पाणी तुंबलं की गेलाच. कुंपणासाठी हवा असेल तर दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, रोज शिंपडत बसू नका, मुळं वरच राहतात. नंतर पाऊस तेवढा पुरे. युरिया वगैरे तर नकोच, पाला माजतो, फूल कमी.

हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारणी नको, एमिग्रंट फुलपाखराच्या असतात आणि झाड परत फुटतं. भुंग्यांचा जीव वाचावा म्हणूनही औषध टाळाच. या फुलात मध नसतो, काळा भुंगा पुंकेसरांना धरून गुंईं करून थरथरतो तेव्हा पराग बाहेर उडतात, बघण्यासारखं असतं ते.

छाटणी मात्र चुकवू नका. फुलं फांद्यांच्या टोकाकडे येतात, न छाटलेला तरवड खालून उघडाबोडका होतो. बहर ओसरला की एक तृतीयांश कापा, पण बी हवं असेल तर दोन-तीन फांद्यांवर शेंगा राहू द्या.