कागद हातात आला म्हणजे बातमी झाली नाही: निवडणुकीच्या मोसमात या चुका टाळा

निवडणूक जाहीर झाली की कागदांना पाय फुटतात. कुणाचं राजीनामापत्र, कुणाच्या संस्थेला दिलेल्या जमिनीचा आदेश, ऐनवेळी बदललेला पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म, पक्षाध्यक्षांच्या सहीचं ‘अतिगोपनीय’ पत्र. सगळं व्हॉट्सॲपवर येतं, तेही तिरका फोटो काढलेलं. मग नवा वार्ताहर धापा टाकत डेस्कवर येतो, “सर, फक्त आपल्याकडेच आहे!” कुणी दिलं विचारलं की उत्तर ठरलेलं, खात्रीलायक सूत्र. त्या सूत्राला हे कुठून मिळालं, हे विचारलं की पोरगा माझ्याकडे असं बघतो, जणू मी समोरच्या पक्षाचा पगार घेतो.

पहिली चूक: झेरॉक्स पाहून मूळ कागद पाहिल्याचं समाधान मानणं

यावर मी बोलायला लागलो की डेस्कवरचे लोक चहाला उठतात. तरी सांगतो.

८ सप्टेंबर २००४. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर. सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’च्या बुधवारच्या कार्यक्रमात तिथले नावाजलेले वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी काही मेमो दाखवले. पुन्हा उभे असलेले अध्यक्ष जॉर्ज बुश तरुणपणी टेक्सास एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलात होते; तिथले त्यांचे वरिष्ठ जेरी किलियन यांनी १९७२-७३ मध्ये ते लिहिले, असा दावा होता. बुश यांनी आदेश असूनही वैद्यकीय तपासणी टाळली आणि त्यांना सांभाळून घेण्यासाठी वरून दबाव आला, असा त्यांचा मजकूर. किलियन १९८४ मध्येच वारले होते, म्हणजे विचारायची सोय नाही.

काही तासांत इंटरनेटवरच्या लोकांनी कागदांची अक्षरं मोजायला घेतली. प्रत्येक अक्षराला वेगळी रुंदी, आकड्यांपुढे वर चढवलेलं बारीक ‘टीएच’. कुणीतरी तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, कुठलीही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मेमोवर ठेवला. ओळीवर ओळ बसली. सत्तरच्या दशकातल्या लष्करी कचेरीतल्या टाइपरायटरवर हे टाइप झालं, यावर मग कोण विश्वास ठेवणार?

बरं, वाहिनीने तज्ज्ञ गाठलेच नव्हते असंही नाही. दोघींनी प्रसारणाआधीच शंका बोलून दाखवली होती. ज्याच्या जोरावर कार्यक्रम रेटला, त्याने फक्त सही पाहिली होती, तीही झेरॉक्सवर. झेरॉक्सवरून कागद, शाई, टाइपचा दाब यातलं काहीच कळत नाही. फार तर सहीचं वळण जुळतं, आणि खरी सही कापून खोट्या कागदावर चिकटवून झेरॉक्स काढली तरी ते जुळतंच. मूळ प्रती कुठे आहेत? कागद देणारे बिल बर्केट म्हणाले, जाळून टाकल्या. ते कुणाकडून मिळाले, हेही आधी खोटं सांगितल्याचं त्यांनी नंतर कबूल केलं. २० सप्टेंबरला वाहिनीला माघार घ्यावी लागली. जानेवारी २००५ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, निर्मात्या मेरी मेप्स यांची नोकरी गेली, आणखी तिघा वरिष्ठांना राजीनामे मागितले गेले. मार्चमध्ये रॅदर यांनी संध्याकाळच्या बातम्या सोडल्या.

माझा जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. किलियन यांच्या सेक्रेटरीने सांगितलं की हे मेमो मी टाइप केलेले नाहीत, पण आशय साहेबांच्या मताशी जुळतो. आणि त्याच ८ सप्टेंबरला ‘बोस्टन ग्लोब’ने गार्डच्या अधिकृत नोंदी चाळून, बुश यांनी तिथली जबाबदारी पूर्ण केली नव्हती, अशी बातमी छापली होती. ती कुणाला आठवते? सगळा देश टाइपरायटरवर भांडत बसला आणि बुश पुन्हा निवडून आले. खोटा कागद एक बातमी पाडून थांबत नाही, शेजारची खरी बातमीही घेऊन बुडतो. ‘आशय तर खरा आहे ना’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आशय खरा असेल तर तो दुसरीकडेही सापडेल. तिथून आणा.

दुसरी चूक: पहिल्या कागदाला पुरावा म्हणून त्याच माणसाकडून दुसरा कागद घेणं

ऑक्टोबर २०२२ मधलं ‘द वायर’ हे वृत्तसंकेतस्थळ आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा यांचं प्रकरण यासाठी वाचावं. भाजपच्या आयटी सेलचे प्रमुख अमित मालवीय यांनी तक्रार करताच इन्स्टाग्रामवरची पोस्ट विनातपासणी उतरते, अशी बातमी. आधार काय, तर कंपनीचा आतला अहवाल. मेटाने तो बनावट म्हटलं. तेव्हा मेटाच्या अधिकाऱ्याचा ईमेल आला. तोही बनावट म्हटल्यावर ईमेलच्या तांत्रिक तपासणीचा व्हिडिओ आला आणि तज्ज्ञांचे दाखले आले. मग ज्यांच्या नावाने दाखले छापले तेच म्हणाले, आम्ही काही तपासलेलं नाही. अंतर्गत म्हणून दाखवलेली वेबसाइट बाहेरच्याच कुणीतरी इन्स्टाग्रामचं नाव आणि लोगो लावून त्याच आठवड्यात उघडल्याचं मेटाने सांगितलं. शेवटी बातम्या मागे घेतल्या गेल्या.

प्रत्येक पायरीवर कागद वाढत गेले, पण येण्याचा दरवाजा एकच राहिला. हिटलरच्या डायऱ्यांचंही तेच झालं. १९८३ मध्ये गाजलेल्या या बनावट डायऱ्यांवर ‘श्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने ९३ लाख मार्क उधळले. हस्ताक्षर जुळवून पाहिलं होतं, पण जुळवायला घेतलेल्या ‘खऱ्या’ नमुन्यांतले काही डायऱ्या बनवणाऱ्या कोनराड कुयाऊनेच लिहिलेले निघाले. चोराच्या साक्षीला चोराचाच भाऊ.

उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टचं प्रकरण काढलं. जोर होता तो जोडणीवर: एका बाजूला ट्रस्टला आलेल्या बिल्डरांच्या देणग्या, दुसऱ्या बाजूला सरकारी सिमेंटचं वाटप. दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी बोलायला लागल्या की कुणी कितीही नाकारलं तरी फरक पडत नाही. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली.

शिक्का बघून भुलणं

शिक्का स्टेशनरोडला तासाभरात बनवून मिळतो. त्यामुळे मी आधी कागदाचा तळ बघतो आणि मग मजकूर. एकदा आचारसंहितेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक शासन निर्णय आला. राजमुद्रा झकास, भाषाही अगदी मंत्रालयाची, ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ वगैरे. वार्ताहराने मथळासुद्धा ठरवून आणला होता. खाली संगणक संकेतांक होता. त्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, तारीख असे असतात. वर तारीख चालू आठवड्याची, खाली संकेतांक बऱ्याच जुन्या सालातला. शासनाच्या संकेतस्थळावर तोच संकेतांक टाकला तर भलत्याच विभागाचा, कचेरीतल्या पदांना मुदतवाढ देणारा निर्णय उघडला. कुणीतरी वरचा मजकूर बदलून खालचं तसंच ठेवलं होतं. “सर, पण शिक्का आहे ना,” हे वाक्य त्यानंतरही ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो कागद इतर ठिकाणी छापून आला आणि आमच्यावर ‘बातमी सोडली’ म्हणून आगपाखड झाली. होऊ दे.

साध्या पत्रावर जावक क्रमांक बघा आणि त्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीत त्या क्रमांकावर काय आहे ते विचारा. दूरध्वनी क्रमांक पत्रावरचा घेऊ नका, स्वतः शोधा.

बाकीच्या, थोडक्यात

सही करणारा त्या तारखेला त्या पदावर होता का, हे न बघणं. इराकने नायजरकडून युरेनियम मागवल्याच्या कागदांत एका पत्रावर दहाएक वर्षांपूर्वीच पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत ते खोटे असल्याचं सांगितलं. युद्ध त्याच महिन्यात सुरू झालं.

आद्याक्षरांवरून नावं लावणं. नेत्यांना पैसे दिल्याच्या, आद्याक्षरांनी केलेल्या नोंदी असलेल्या जैन हवाला डायऱ्यांमुळे राजीनामे पडले, पण सुट्या कागदांवरच्या नोंदी म्हणजे हिशेबाची वही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं. डायरी छापायची तर डायरीत काय आहे तेवढंच छापा.

वेळेचा वास न घेणं. सोव्हिएत नेता झिनोव्हिएव्हचं म्हणून गाजलेलं बनावट पत्र ‘डेली मेल’ने १९२४ च्या ब्रिटिश निवडणुकीच्या चार दिवस आधी छापलं होतं. मतदानाच्या तोंडावर आलेला कागद मी सर्वांत शेवटी वाचतो.

‘कथित’ लिहून मोकळं होणं. वाचक तो शब्द वगळूनच वाचतो.

आरोप ज्याच्यावर आहे त्याला रात्री साडेदहाला फोन करून ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं छापणं. हे आळशीपणाचं आहे आणि न्यायालयात टिकत नाही. कागद दुपारीच त्याच्यासमोर ठेवा. खोटा असेल तर बहुतेक वेळा तोच माणूस कुठल्या ओळीत चुकलंय ते दाखवून देतो.

आणि फोटो आला तर पाठवणाऱ्याला म्हणा, कागद घेऊन ये. अर्धे लोक पुन्हा फोनच उचलत नाहीत.